तायडे मॅडमची स्टेशनं

तायडे मॅडमच्या पर्समध्ये कंगवा मी कधी पाहिला नाही. पर्स उघडली की आधी रंगकामाचा दोन बोटं रुंद ब्रश बाहेर यायचा, मग एक स्क्रू ड्रायव्हर, मग मुलींच्या कंपासपेटीत असतात तसली अर्धवट झिजलेली खोडरबरं, आणि सगळ्यात शेवटी, सापडलाच तर, चष्मा. कंगव्याची त्यांना गरजही नव्हती म्हणा. सकाळी तेल लावून जो अंबाडा त्या आवळत, तो संध्याकाळपर्यंत जागचा हलायचा नाही. घोट्याच्या वर नेसलेली सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी त्या असल्या अवतारात, हातात ब्रश घेऊन शाळेच्या व्हरांड्यातून गेल्या तेव्हा मी शिपायाला विचारलं होतं, की रंगकाम आत्ता परीक्षेच्या तोंडावर कशाला काढलं?

मूर्तिजापूरच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. राहायला अकोल्याला, रोजचं गाडीने अप-डाऊन. तायडे मॅडम गावातल्याच, कॉम्प्युटर शिकवायला आलेल्या. आमच्या शाळेत कॉम्प्युटर होते, पण ते कुणी पाहिले नव्हते. कुठल्याशा योजनेत डझनभर आले, योजनेचा माणूस दोन वर्षं शिकवून निघून गेला, आणि मागच्या खोलीला जे कुलूप लागलं ते लागलंच. किल्ली हेडसरांच्या कपाटात. तायडे मॅडमनी आल्याआल्या किल्ली मागितली. हेडसर म्हणाले, ‘‘मॅडम, ते सगळे बंद आहेत. तुम्ही फळ्यावरच शिकवा.’’

‘‘बंद हायेत हे कोनी पाह्यलं?’’ त्यांनी विचारलं.

हेडसरांनी किल्ली दिली. पुढचे कितीतरी दिवस त्या खोलीतून धुळीचे लोट बाहेर येत होते. वऱ्हाडातली धूळ ही काही साधी धूळ नाही. काळ्या मातीची ती बारीक भुकटी एकदा कशात शिरली की तिथेच घर करते. मॅडम एकेक डबा उघडायच्या, ब्रशने झाडायच्या, आतली ती रॅमची हाताच्या बोटाएवढी पट्टी काढायच्या आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासत बसायच्या. मी एकदा दारात उभी राहून बघत होते. म्हटलं, ‘‘मॅडम, चुकलेलं खोडताय का?’’ त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘मळ बसला की दात धरत नाही. तुमच्या सासूबाईची कवळी नाही का घासत तुमी?’’ माझ्या सासूबाईंना कवळी आहे हे यांना कोणी सांगितलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पट्टी घासून पुन्हा बसवली की बहुतेक डबे सुरू व्हायचे. जे होत नसत त्यांच्यासाठी त्या अकोल्याच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे जायच्या. फुगलेले भाग काढून त्याच्याकडून नवे झाळून आणायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाराच्या बारा पडदे उजळलेले होते. हेडसरांनी नारळ आणायला माणूस धाडला. मॅडम म्हणाल्या, ‘‘नारळ राहू द्या, खिडकीले जाळी लावून द्या. चिमण्या आत येऊन राहिल्या.’’

या माणसांची म्हणजे यंत्रांची नावं हा एक वेगळाच प्रकार होता. मॅडमचे वडील रेल्वेत गँगमन. आमच्या भागात शकुंतला म्हणतात त्या छोट्या गाडीच्या रुळावर त्यांची उभी हयात गेली. ही गाडी मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूरला जायची आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळला. आता बंद आहे, रूळ तेवढे गवतात पडलेत. तर खोलीतली डाव्या हाताची ओळ ही अचलपूरची लाईन आणि उजव्या हाताची यवतमाळची. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट असे डावीकडे. कारंजा, दारव्हा वगैरे उजवीकडे. मॅडमच्या टेबलावरचं यंत्र म्हणजे जंक्शन. जंक्शन सुरू झाल्याशिवाय कुठल्याही मुलीने आपलं स्टेशन चालू करायचं नाही, असा नियम. त्याला तांत्रिक कारण काही नव्हतं. ‘‘गाडी कुठून सुटते?’’ एवढंच त्या विचारायच्या.

मुलींनी हे इतकं उचललं की वर्गात बसल्या बसल्या सगळं वऱ्हाड फिरून यायच्या. ‘‘मॅडम, पथ्रोटचा माऊस चालत नाही!’’ ‘‘मॅडम, मले दर्यापूर नको, तिचा पंखा लय बोंबलते!’’ एकदा एका मुलीने व्हरांड्यात येऊन ‘‘दारव्हा जळालं, दारव्हा जळालं!’’ अशी आरोळी ठोकली. हेडसरांची सासुरवाडी दारव्ह्याची. ते हातातला चहा सांडून उठले आणि घरी फोन लावत सुटले. इकडे खोलीत नुसता करपल्याचा वास होता आणि मॅडम शांतपणे वायर काढून बसल्या होत्या. हेडसर आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाहीत.

यंत्र बंद पडलं असं म्हणायला त्या खोलीत बंदी होती. ‘‘थकलं’’ म्हणायचं. ‘‘अंजनगाव थकलं’’ असं मुलगी म्हणाली की मॅडम उठायच्या. ‘‘अंजनगाव बंद’’ असं म्हणाली की जागेवरून हलायच्या नाहीत. ‘जुना’ या शब्दावरही त्यांचा राग होता. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, ‘‘मॅडम, किती दिवस त्या जुन्या डब्यांना धरून बसणार?’’ की त्या पदर खोचून तयारच. ‘‘जुनं म्हनजे काय वो? काम करते का नाही, थे सांगा. या काळे मॅडम व्याकरन शिकवते, थे किती जुनं हाय? फेकून द्या मंग थे!’’ या काळे मॅडम म्हणजे मी. व्याकरण फेकून द्यायला माझी अजिबात हरकत नव्हती, पण हे बोलायची सोय नव्हती.

मे महिन्यात इथे माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत. शाळेला सुट्टी. तरी दर शनिवारी सकाळी मॅडम येऊन फरशीवर पाणी मारायच्या, खिडक्यांना ओली पोती लावायच्या आणि जंक्शनपासून सुरुवात करून एकेक स्टेशन थोडा वेळ चालवून पुन्हा झाकून ठेवायच्या. बसून राहिलं की आपले गुडघे धरतात, तसं त्यांचं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या यजमानांनी एकदा मला गमतीत सांगितलं होतं, की घरातला कूलर दोन उन्हाळे नादुरुस्त आहे आणि बाई शाळेतल्या पंख्यांना तेल घालतात.

अशी काही बरी वर्षं गेली. खेड्यांतून येणाऱ्या मुली, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर कधी येणार नव्हता, त्या खोलीत टायपिंग शिकल्या, हिशेबाची कामं शिकल्या. एक तहसिलात लागली, एक अकोल्याच्या दवाखान्यात नोंदणीला बसली. मॅडमना तेवढं पुरेसं होतं, आणि खरं म्हणजे आम्हालाही. मग दार बदललं. हे शब्द त्यांचेच; म्हणजे किल्ली आपली तीच, पण समोरचं दार दुसरं.

झालं असं, की शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे, सगळेच फॉर्म ऑनलाइन झाले. पहिल्या वर्षी मुलींनी ते शाळेतच भरले. दुसऱ्या वर्षी पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली, की तुमचं यंत्र आता आमच्याकडे चालत नाही, नवीन आवृत्ती घ्या. नवीन आवृत्ती घ्यायला गेलं तर ती म्हणे, आधी यंत्र नवीन घ्या. मॅडमनी हार मानली नाही. पुण्याच्या कुणा मुलाशी फोनवर बोलून त्यांनी सगळ्या डब्यांत ती फुकटातली हलकी प्रणाली घातली, लिनक्स का काय ती. त्यात महिना गेला. त्या वर्षी फॉर्म भरले गेले. पुढच्या वर्षी पुन्हा पाटी. पुन्हा त्यांनी काहीतरी खटपट केली. त्याच्या पुढच्या वर्षी खटपटीलाही जागा उरली नाही.

मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. जंक्शनसमोर उभ्या राहून त्या पडद्यालाच विचारत होत्या, ‘‘हिनं काय गुन्हा केला? काल चालत होती, आज बी चालते. खराब काय झालं थे तर सांगा!’’ मग माझ्याकडे वळल्या. ‘‘पाहा बरं काळे मॅडम. आपन धडधाकट हावो, आन दुकानदार म्हनते, तुमच्या पायाच्या मापाची चप्पल आता बनत नाही. पाय बदलून या.’’

मी म्हटलं, चहा घेऊ चला.

त्याच सुमारास हेडसरांनी कागद काढला. नवीन कॉम्प्युटर मिळणार होते, नव्या योजनेत. अट एकच, जुने निर्लेखित झाले पाहिजेत. म्हणजे ते नादुरुस्त आहेत, वापरण्याजोगे राहिलेले नाहीत, असं त्या खोलीच्या प्रमुखाने लिहून द्यायचं. मग त्यांचा भंगारात लिलाव, मग नवे. कागदाप्रमाणे तर त्यांचं आयुष्य कधीच संपलेलं होतं. प्रमुख अर्थातच तायडे मॅडम.

‘‘चालू हायेत थे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चालू मशीनीले मी बंद लिहीन कशी?’’

‘‘मॅडम, सगळे लिहितात. एक औपचारिकता असते.’’

‘‘सगळ्यायची सही घ्या मंग. माझी नाही भेटनार.’’

नाही म्हणजे नाही. त्या वर्षीचे नवे कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला गेले. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी बोलणं लोकांनी कमी केलं. मला मात्र गंमत वाटायची, थोडा अभिमानही. एक बाई सगळ्या खात्याला सांगते आहे की खोटं लिहिणार नाही, आणि कशासाठी, तर एका डब्यासाठी. मी तेव्हा हसून घेतलं. पुढे काय व्हायचं होतं ते ठाऊक नव्हतं म्हणून हसले.

दुसऱ्या वर्षी सानिकाचं प्रकरण झालं. दहावीतली मुलगी, मॅडमची लाडकी, पथ्रोटवर बसणारी. बाजार समितीत हमाली करणाऱ्या बापाची. तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म शाळेत भरता आला नाही, म्हणून बाप मजुरी बुडवून तिला अकोल्याच्या सायबर कॅफेत घेऊन गेला. तिथे ही गर्दी. संध्याकाळपर्यंत नंबर लागला नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर मुदत संपली होती. फॉर्म राहिला तो राहिलाच.

बाप शाळेत आला तो भांडायला नाही. टोपी हातात घेऊन त्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत सगळे पडदे सुरू, मुली टायपिंग करत होत्या. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, पोरगी म्हनते का तुमच्या मशीनी चालू हायेत. मले बी दिसून राहिल्या चालू. मंग फारम काहून नाही भरला गेला?’’

तायडे मॅडमनी हातातला ब्रश खाली ठेवला. तो माणूस थोडा थांबला, नमस्कार करून गेला. त्या दिवशी सानिका पथ्रोटवर बसली नाही, मागच्या बाकावर जाऊन बसली. मॅडमनी तिला बोलावलंही नाही.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. माझी गाडी दुपारची होती. खोलीत गेले तर सगळे डबे उघडे. ब्रश फिरून झालेला. त्यांनी दर्यापूरपासून सुरुवात केली. पट्टी काढायची, खोडरबराने घासायची, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कागदात गुंडाळायची आणि वर पेनाने स्टेशनचं नाव लिहायचं. मग ती पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात. पट्टी काढलेलं यंत्र सुरू होत नाही, एवढं मला त्यांच्या सहवासात कळू लागलं होतं.

‘‘हे काय चाललंय?’’ मी विचारलं.

‘‘सही करून राहिली मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन खोटी नाही करनार. नादुरुस्त लिहाचं हाय ना, तर नादुरुस्त करतो आन लिहितो.’’

मी कपाळावर हात मारला. ‘‘अहो मॅडम, तशीच करा ना सही! कोण येतंय तपासायला?’’

‘‘सही माझी हाय ना वो.’’

आणि मग त्यांनी बेत सांगितला. लिलावात हे डबे अकोल्याचा कुणीतरी भंगारवाला घेणार. शाळेच्या माणसाला लिलावात उभं राहता येत नाही, हे त्या विचारून आल्या होत्या. पण भंगारवाल्याकडून विकत घ्यायला कोणाची मनाई? त्या त्याच्याकडून चार तरी परत घेणार, या पट्ट्या पुन्हा बसवणार आणि त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनखोलीत मांडणार. फॉर्म नाही भरता येणार, पण पोरींना टायपिंग तर करता येईल. ‘‘शाळेले नवे भेटतीन, वस्तीले जुने भेटतीन. कोनाचंच नुकसान नाही.’’ हे सांगताना त्या पुन्हा पूर्वीच्या तायडे मॅडम झाल्या होत्या. जंक्शनची पट्टी त्यांनी सगळ्यात शेवटी काढली. मग बटण दाबून पाहिलं; पडदा काळाच राहिला, डब्याने आतून दोनदा शिटी दिल्यासारखा आवाज केला, आणि खोली गप्प झाली. त्यांनी कागदावर सही केली. खाली तारीख घातली.

निवडणुकीचे दिवस होते. शिक्षकांना जसं कुठेही पाठवतात तसं तायडे मॅडमना पातूरच्या बाजूला मतदान केंद्रावर पाठवलं. प्रशिक्षण, साहित्य वाटप, मतदान यात त्या अडकल्या आणि नेमका त्याच दिवसांत ट्रक येऊन डबे घेऊन गेला. परत आल्यावर त्यांनी शिपायाकडून भंगारवाल्याचा पत्ता घेतला आणि रविवारी माझ्या घरी हजर. खांद्याला पर्स, पर्समध्ये बिस्किटाचा डबा. ‘‘चला,’’ म्हणाल्या, ‘‘तुमी अकोल्याच्या, तुमाले रस्ते माहीत.’’

भंगारवाल्याचं आवार मोठं होतं. कूलरच्या टाक्या, सायकली, मोटारींचे दरवाजे. मालक रफिकभाई, वयस्कर, अगदी सभ्य माणूस. आम्ही शाळेतल्या शिक्षिका म्हटल्यावर त्याने खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. मॅडमनी मूर्तिजापूरच्या कॉम्प्युटरचं विचारलं. त्याने हाताने आवाराचा कोपरा दाखवला. तिथे हिरव्या तुकड्यांचा ढीग होता, बाजूला वायरी सोललेल्या, आणि पत्र्याची खोकी चेपून एकावर एक रचलेली. एका खोक्यावर ‘कारंजा’ असं खडूने लिहिलेलं अजून दिसत होतं.

मॅडम उठून तिकडे गेल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘‘सगळेच फोडले?’’

‘‘सब के सब, मॅडम.’’ रफिकभाई ओशाळल्यासारखा झाला. ‘‘वैसे मैंने एक एक लगाके देखा था. बाहर से इतने साफ थे, लगा कोई तो चलेगा. चालू माल को कौन तोडता है? चालू होता तो वैसाच बेच देता, गाँव के लोग ले जाते हैं बच्चों के लिए. लेकिन एक भी चालू नहीं हुआ. अंदर पट्टीच नहीं थी. वो पुरानी पट्टी अब मिलती कहाँ है?’’

चहा आला. तायडे मॅडमनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मला वाटलं त्या आता डबा काढतील, त्याला दाखवतील, काहीतरी बोलतील. त्यांनी चहा घेतला, कप नीट खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘चहा चांगला होता, भाऊ.’’

बाहेर रस्त्यावर आल्यावर मला रडू आवरेना. मला त्यांचाच राग आला होता. त्या सहीचा, त्या खरेपणाचा. खोटं लिहिलं असतं तर ते डबे आज कुठल्यातरी घरात चालू असते. हे मी त्यांना बोलले नाही, पण त्यांना ते माझ्याआधी कळलेलं होतं. रिक्षात बसताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मी खरंच लिहिलं होतं ना वो?’’

नवे कॉम्प्युटर आले. फीत कापली गेली, या वेळी नारळही फुटला. काळे, चपटे, पडद्याच्या पाठीतच सगळं असलेले. मुली खूश होत्या हेही सांगायला हवं, आणि त्या वर्षी फॉर्म शाळेतच भरले गेले. मॅडमनी मनापासून शिकवलं. एका लहान मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, यायचे नावं काय ठेवाचे?’’ तर म्हणाल्या, ‘‘नावं राहू दे बाई. पाहुने हायेत हे.’’

पाहुणे करारापुरते राहिले. योजनेतल्या कंपनीशी असलेला तीन वर्षांचा करार संपला आणि पुढच्याच सत्रात सकाळी जंक्शनच्या जागेवरचा पडदा सुरू केला तर पाटी आली, की सेवा संपली आहे, कंपनीशी संपर्क साधा. सगळ्यांवर तीच पाटी, आणि तिच्यापलीकडे जाता येईना. एकदोन तर आधीच बिघडले होते. कंपनीचा माणूस फोनवर नागपूरहून गोड बोलला. ते मॉडेल बंद झालं आहे मॅडम, दुरुस्तीपेक्षा नवीन घेतलेलं बरं.

मी त्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी एक यंत्र टेबलावर पालथं घातलं होतं. एका हातात ब्रश, एका हातात स्क्रू ड्रायव्हर. ते यंत्र त्या कडेकडेने फिरवून बघत होत्या. सगळं चिकटवलेलं. स्क्रूच नव्हता कुठे. लहान मूल आजारी असावं आणि तोंडच उघडत नसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. ‘‘काळे मॅडम,’’ त्या म्हणाल्या, ‘‘उघडू कुठून याले?’’

खोलीला कुलूप लागलं. किल्ली हेडसरांच्या कपाटात गेली. मुली पुन्हा अकोल्याच्या सायबर कॅफेत जाऊ लागल्या, ज्यांचे बाप मजुरी बुडवू शकत होते त्या. नव्यांसाठी पुन्हा अर्ज करायचा तर या चकचकीत डब्यांचं आयुष्य कागदावर अजून शिल्लक होतं, म्हणून तोही करता येईना. या सगळ्यात कोणाची चूक झाली असं विचारलं तर कुणाचंही नाव घेता येत नाही, आणि मला तर त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. तायडे मॅडम उरलेली दोन वर्षं फळ्यावर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या काय बोलतील याची मला धास्ती होती. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि बसल्या.

मीही निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला आले. मध्यंतरी त्यांचा फोन आला, डोळे दाखवायला अमरावतीला येते आहे. दवाखाना आटोपल्यावर म्हणाल्या, इथे कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं एका ओळीत आहेत म्हणतात, तिकडे नेता का? मी नेलं. पर्स तीच. त्यांनी काउंटरवर बिस्किटाचा डबा उघडला. आत त्याच प्रश्नपत्रिकांच्या पुड्या, कागद पिवळे झालेले, वरची नावं ठळक. दर महिन्याला त्या पट्ट्या काढून घासत होत्या, नाहीतर काळ्या पडतात म्हणे.

‘‘कोनाले लागत असन तर घ्या,’’ त्या दुकानदाराला म्हणाल्या. ‘‘पैसे नको. चालू हायेत सगळ्या.’’

दुकानदार तरुण होता, बरा वाटला. त्याने एक पट्टी उजेडात धरली. ‘‘काकू, हे तर आता कशातच बसत नाही.’’

‘‘लावून तर पाहा. चालू हाय.’’

‘‘असन ना काकू, मी नाही कुठं म्हनतो? पन लावू कशात? हे चालू हाय का बंद, हे पाह्याले बी आता मशीन नाही.’’

त्यांनी मान डोलावली. पट्टी कागदात घातली, कागदाची घडी पूर्वीच्या रेषांवरच केली. दुकानातून दुकानात जायचा माझा आग्रह त्यांनी मोडला. माझ्याकडे जेवायला चला म्हटलं, तर म्हणाल्या, घरी यजमान एकटे आहेत.

स्टँडवर मूर्तिजापूरची गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी. बोलण्यासारखं खूप होतं आणि इंजिन सुरू झालेलं होतं. त्यांनी हात हलवला, मग पर्समधून डबा काढून मांडीवर घेतला. एक पुडी उघडली, पट्टी बाहेर काढली, आणि चष्मा न लावताच खोडरबराने घासायला सुरुवात केली. गाडी वळली. कोणतं स्टेशन होतं, ते मला खालून वाचता आलं नाही.